कंपनी बंद पडते, गाडी चालूच असते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर दर काही वर्षांनी एक बातमी येते. अमुक एक मोटार कंपनी अडचणीत आहे, कारखान्यातलं उत्पादन थांबलं आहे, बँकांचं कर्ज थकलं आहे, परदेशी भागीदार काढता पाय घेतो आहे. ही बातमी वाचणारे लोक वेगवेगळे असतात. ज्याच्याकडे शेअर आहेत तो सकाळी दलालाला फोन करतो आणि दुपारपर्यंत मोकळा होतो. बँकेकडे जमीन गहाण असते. कामगारांकडे युनियन असते. ती किती पुरी पडते हा भाग वेगळा, पण दाद मागायला एक दार तरी असतं. या सगळ्यांच्या पलीकडे आणखी एक माणूस असतो. त्याने त्या कंपनीची गाडी घेतलेली असते. ती खाली फाटकाशी उभी असते. तो खिडकीतून तिच्याकडे बघतो आणि त्याच्या मनात एकच प्रश्न येतो, आता हिचं काय होणार?

आज मला या माणसाबद्दल बोलायचं आहे. मी कवी माणूस. बॉनेटखाली काय चालतं याचं माझं ज्ञान ऐकीव आहे. पण ते ऐकलं मात्र भरपूर. आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांमध्ये एक भाऊ जहाजावर, एक आखातात आणि एक मुंबईत टॅक्सीवर, अशी वाटणीच ठरलेली असे. माझे मामू टॅक्सीवर होते. सुट्टीत गावी आलेल्या माणसांच्या गप्पांत पाऊस, भात आणि आंबा यांच्या जोडीला क्लच प्लेट, डेलको आणि पासिंग हे शब्द माझ्या कानावर पडत गेले. त्या गप्पांच्या आधारावर आणि नंतर वाचलेल्या इतिहासाच्या आधारावर हे चार शब्द.

देशी मोटार कंपनी म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला पहिलं नाव आठवतं ते प्रीमियरचं. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी आगबोटींची कंपनी काढली, विमानाचा कारखाना काढला, साखर कारखाने काढले आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. सुरुवातीला क्रायस्लर या अमेरिकन कंपनीशी करार होता. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि कुर्ल्याचं नशीब फियाटशी जोडलं गेलं.

याच दशकात सरकारने एक धोरण घेतलं. देशात सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना थारा नाही. इथे टप्प्याटप्प्याने भाग बनवायचे असतील तरच थांबा. तेव्हा मुंबईत १९२८ पासून जोडणी करत असलेल्या जनरल मोटर्सने १९५४ साली गाशा गुंडाळला. प्रीमियर, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड अशा तीन कंपन्यांच्या हातात देशातल्या मोटारींची बाजारपेठ आली. पुढची तीस वर्षं आपण या तिघींच्या गाड्यांमधून फिरलो.

फियाट ११०० चं पहिलं रूप गोल पाठीचं, पुढची दारं उलटी उघडणारं. लोक तिला 'डुक्कर फियाट' म्हणत. आमच्या घरात हे नाव घेताना मोठी माणसं जरा अडखळत आणि 'ती गोल पाठीची' असं म्हणून वेळ मारून नेत. १९६४ साली ११०० डी हे नवं रूप आलं. फियाटशी असलेला परवान्याचा करार संपल्यावर सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झालं. चितोडच्या राणीचं नाव. पण गंमत अशी, की रस्त्यावरच्या माणसाने ते नाव शेवटपर्यंत तोंडी घेतलं नाही. कंपनीने पाटी बदलली, लोकांनी भाषा बदलली नाही. 'फियाट' म्हणजेच ती गाडी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे लांबलचक एकसंध सीट. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं चित्र डोळ्यांपुढे आणा, ते या गाडीचंच येईल.

श्रोतेहो, इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इटलीत ही गाडी साठच्या दशकाच्या अखेरीसच बंद झाली होती. म्हणजे त्यानंतर जगात ही गाडी बनण्याचं मुख्य ठिकाण कुर्ला. देशी कंपनीच्या गाडीचं हेच वैशिष्ट्य असतं. परदेशी कंपनी आपल्या देशातून गेली तरी तिचे कारखाने आणखी कुठे तरी चालू असतात. उशिरा का होईना, महाग का होईना, सुटा भाग बोटीने येऊ शकतो. देशी कंपनीचा कारखाना बंद पडला, की पाठीमागे कोणी नाही. त्यामुळे अशा कंपनीच्या गाडीमालकाची काळजी दुप्पट असते.

तरीही बरीच वर्षं ही काळजी कोणाच्या मनाला शिवली नाही. गाडी मिळण्यासाठीच वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागत असे. मग कंपनी बंद पडेल अशी शंका कोणाला येणार? चित्र पालटलं ते १४ डिसेंबर १९८३ ला. त्या दिवशी मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींनी ग्राहकाच्या हातात दिली. हलकी, कमी पेट्रोल खाणारी, सकाळी चटकन चालू होणारी गाडी मध्यमवर्गाने पाहिली आणि जुन्या गाड्यांची उणी बाजू एकदम उजेडात आली. प्रीमियरने १९८५ साली ११८ एनई ही नवी गाडी काढली. तिला निसानचं इंजिन होतं. स्टँडर्डने त्याच सुमारास स्टँडर्ड २००० ही महागडी गाडी आणली. ती चालली नाही आणि दशक संपण्याआधीच मद्रासचं मोटार उत्पादन थांबलं.

१९९१ नंतर दारं उघडली. प्रीमियरने एकाच वेळी दोन परदेशी कंपन्यांशी हातमिळवणी केली. फ्रान्सच्या पिजोबरोबर कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात पिजो ३०९ आणि फियाटबरोबर कुर्ल्यात उनो. उनोची नोंदणी १९९६ साली सुरू झाली तेव्हा अडीच लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. एवढ्या गाड्या बनल्याच नाहीत. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातले वाद, थांबणारं उत्पादन, भागीदारांमधले मतभेद यांच्या बातम्या त्या वर्षांत नेहमी येत. १९९७ साली पिजो बाहेर पडली. कुर्ल्याच्या उपक्रमाचा ताबा पुढे फियाटकडे गेला. आणि २००० सालाच्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन कायमचं थांबलं.

या तीन-चार वर्षांत गाडीमालकांच्या मनात काय चाललं असेल? त्या वेळच्या गप्पा मला आठवतात. त्यांत चार चिंता असत.

पहिली चिंता सुट्या भागांची. दुसरी, गाडी जाणणाऱ्या कारागिराची. कंपनीची अधिकृत वर्कशॉप दुसऱ्या कंपनीची पाटी लावू लागली, की तिथली जुनी माणसं जातात आणि नवी पोरं जुन्या गाडीला हात लावायला कंटाळतात. तिसरी चिंता विकताना येणाऱ्या किमतीची. आणि चौथी कर्जाची. ही चौथी चिंता मोठ्या बंगल्यातल्या गाडीमालकाला कमी आणि टॅक्सीवाल्याला जास्त. गाडी बंद पडली म्हणून बँकेचा किंवा पतपेढीचा हप्ता थांबत नाही.

यातली तिसरी चिंता फार विचित्र असते. सुटा भाग मिळत नाही, ही अडचण प्रत्यक्ष यावी लागते. किंमत मात्र नुसत्या बातमीने पडते. गाडी तीच, काल जशी चालत होती तशीच आज चालते. पण बातमी छापून आली की जुन्या गाड्यांचा दलाल मान हलवतो आणि वीस-पंचवीस हजार कमी सांगतो. ते ऐकून शेजारचा गाडीमालक घाबरतो आणि तोही गाडी विकायला काढतो. विकणारे वाढले की भाव आणखी खाली येतो. मग ज्याला नवी गाडी घ्यायची आहे तो विचार करतो, जिला उद्या गिऱ्हाईक नाही ती आज कशाला घ्या? तो दुसऱ्या कंपनीकडे जातो. कंपनीचा खप घटतो, हातातला पैसा आटतो, सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखानदारांची बिलं थकतात, ते माल द्यायचं थांबवतात. आणि पहिल्या दिवशी जी नुसती भीती होती ती खरी होऊन दारात उभी राहते.

बँक बुडणार अशी आवई उठली की लोक रांगा लावतात आणि त्या रांगांमुळेच बँक अडचणीत येते. मोटार कंपनीचंही तसंच आहे. तिच्या दारात रांग लागत नाही इतकाच फरक. गिऱ्हाईक कमी कमी होत जाणं हीच ती रांग. म्हणून आजारी कंपनीला कर्जाइतकीच गरज असते ती जुन्या मालकांच्या भरवशाची. आणि त्या मालकांना विश्वासात घेऊन, 'कारखान्याचं काही झालं तरी इतकी वर्षं सुटे भाग देऊ, अमुक ठिकाणी देऊ' असं सांगायचं कंपन्यांना बहुधा सुचत नाही. भागधारकांची सभा भरते, कामगारांशी वाटाघाटी होतात, गाडीमालकांची सभा कोणी बोलावत नाही.

पण पद्मिनीच्या बाबतीत नंतर जे झालं ते या सगळ्या भीतीला पुरून उरणारं होतं. कारखाना थांबला, गाडी थांबली नाही. आणि याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण संख्येचं. नव्वदच्या दशकात मुंबईत टॅक्सी साठ हजारांच्या आसपास होत्या आणि त्यांतल्या बहुतेक याच जातीच्या. एवढ्या गाड्यांना रोज काही ना काही लागतं. जिथे रोजचं गिऱ्हाईक आहे तिथे माल बनवणारा कोणी तरी उभा राहतोच. दुसरं कारण, गाडीचा सांगाडा आणि इंजिन पस्तीस वर्षांत फारसं बदललं नव्हतं. नव्या गाडीचा भाग जुन्या गाडीला आणि जुन्या गाडीचा नव्या गाडीला बसत असे. ज्या गोष्टीची आपण चेष्टा केली, 'यांनी तीस वर्षांत काही नवं केलं नाही' म्हणून, तीच गोष्ट कंपनी गेल्यावर मालकांच्या कामी आली. तिसरं कारण गाडीचा साधेपणा. रस्त्याच्या कडेला जॅक लावून, चार पाने आणि एक पेचकस घेऊन तिचं पुष्कळ काम होई. नसलेला भाग लेथवर घडवून घेता येई.

त्यामुळे एक मोठा कारखाना गेला आणि त्याच्या जागी शेकडो लहान कारखाने चालू राहिले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा भंगार बाजार, पुण्यातली नाना पेठ, कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, ही जुन्या मोटारी जगवणारी ठिकाणं. कोणी गॅसकेट कापून देई, कोणी पाट्याचे बुश ओतून देई, कोणी भंगारातल्या गाडीचा दरवाजा उचलून त्याचं डेंटिंग-पेंटिंग करून देई. या माणसांची नावं कोणत्याही कंपनीच्या अहवालात येणार नाहीत. पण हजारो कुटुंबांचा घास त्यांनी चालू ठेवला.

माझ्या मामूंनी १९९७ साली, म्हणजे बातम्या येऊ लागल्या त्याच वर्षी, पद्मिनी टॅक्सी घेतली होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीवर शिफ्ट मारल्यावर मिळालेली स्वतःची गाडी. मुंबईतल्या खोलीत त्यांच्या पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक असे. पूर्वी त्यात मामीचे ठेवणीतले कपडे होते. हळूहळू कपडे वर फळीवर गेले आणि ट्रंकेत उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळलेले वॉटर पंप, क्लच प्लेट, मागच्या दिव्यांच्या लाल काचा, दरवाजाची हँडलं जमू लागली. कुठे दुकान बंद होत असलं, कुठे जुना साठा निघाला, की मामू दोन पैसे बाजूला काढून एखादी वस्तू आणत. मामी म्हणायच्या, "लोक पोरींच्या लग्नासाठी जमवतात, तुम्ही गाडीसाठी जमवता." त्यावर मामू म्हणत, "अगो, ही चालली तर पोरींची लग्नं होतील."

त्या ट्रंकेत मी एकदा डोकावलो तेव्हा मला आश्चर्य वाटलं. इंजिनाचे भाग थोडे होते. काचा, रबराच्या पट्ट्या, हँडलं जास्त. मी विचारलं, तर म्हणाले, "इंजिन कोणीही बांधून देतो. लेथवाला आहे, बोअर करणारा आहे. पण काच कोण बनवणार? पुढची काच फुटली आणि मिळाली नाही, तर इंजिन सोन्याचं असून काय उपयोग?" गाडीच्या आयुष्याबद्दलचं एवढं नेमकं वाक्य मी नंतर कुठे वाचलं नाही. बंद पडलेल्या कंपनीच्या गाड्या बहुधा इंजिन खलास झाल्याने भंगारात जात नाहीत. त्या जातात एका दिव्यापायी, एका काचेपायी, एका रबरी नळीपायी. आकार ज्याचा त्याचाच असतो असे हे भाग. दुसऱ्या गाडीचे बसत नाहीत आणि थोड्या गिऱ्हाइकांसाठी साचा करायला कोणाला परवडत नाही.

मामूंची गाडी वीस वर्षं चालली. २०१३ साली मुंबईतल्या टॅक्सींची वयोमर्यादा पंचवीस वर्षांवरून वीस वर्षांवर आली होती. त्यामुळे २०१७ साली ती रस्त्यावरून उतरली. ट्रंकेत तेव्हाही दोन काचा शिल्लक होत्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली होती; तीही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस नियमाप्रमाणे निवृत्त झाली. म्हणजे बघा, कारखाना बंद झाल्यावर तेवीस वर्षं ही गाडी शहराला पोसत होती. सुट्या भागांअभावी ती संपली नाही. तिला थांबवलं ते वयाच्या नियमाने, आणि शहराच्या हवेचा विचार करता त्या नियमालाही अर्थ होता.

मात्र ही कहाणी ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये. कारण प्रत्येक गाडीला साठ हजार बहिणी नसतात. पिजो ३०९ घेणाऱ्यांची संख्या थोडी होती. त्यांना असा बाजार उभा राहिलेला मिळाला नाही. देवू ही कोरियन कंपनी कोसळली तेव्हा आपल्याकडच्या मॅटिझच्या मालकांना मोठा घोर लागला होता. पण देवूचा मोटारींचा धंदा जनरल मोटर्सने घेतला आणि २००७ साली त्याच वंशातली स्पार्क भारतात आली, तेव्हा त्यांना थोडा आधार सापडला. हिंदुस्तान मोटर्सने २०१४ च्या मे महिन्यात अँबॅसॅडरचं उत्पादन थांबवलं. २०१७ साली ते नाव ऐंशी कोटी रुपयांना पिजोकडे गेलं. नावाला किंमत आली. ज्यांच्या दारात गाड्या उभ्या होत्या त्यांच्या हिशेबात त्यामुळे काही फरक पडला नाही. त्यांना कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्यांच्या संख्येनेच तारलं.

म्हणजे हिशेब साधा आहे. आपली गाडी जिची आहे ती कंपनी डळमळू लागली, तर तीन प्रश्न विचारावेत. रस्त्यावर अशा गाड्या किती आहेत? तिचे भाग दुसऱ्या कोणत्या गाडीत वापरले आहेत का? आणि गावातला साधा मेकॅनिक ती उघडू शकतो का? तिन्हींची उत्तरं बरी असली तर घाईने मातीमोल विकण्याचं कारण नाही. गाडी चालवण्यासाठी घेतली आहे आणि ती चालते आहे. दुरुस्तीची बिलं नीट ठेवावीत, चांगला कारागीर धरून ठेवावा आणि मामूंप्रमाणे काचा-दिव्यांची तजवीज आधी करावी. तिन्हींची उत्तरं वाईट असली, तर मात्र मायेपोटी थांबण्यात अर्थ नसतो.

यातला तिसरा प्रश्न दिवसेंदिवस अवघड होत चालला आहे. पद्मिनीचं मर्म लोखंडात होतं. ते हाताने चाचपता येत होतं. आजच्या गाडीचं मर्म छोट्या पेटीतल्या संगणकात आहे. किल्लीसुद्धा सांकेतिक आकड्यांनी गाडीला ओळखते. बिघाड शोधायला कंपनीचं यंत्र आणि कंपनीची परवानगी लागते. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री दुसऱ्यांदा बंद केली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं. या श्रीमंत परदेशी कंपन्या होत्या आणि ग्राहकांना सेवा देत राहू असं त्यांनी जाहीरही केलं. तरी त्या गाड्यांची जुन्या बाजारातली किंमत बातमीसरशी ढासळलीच. उद्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांची एखादी लहान देशी कंपनी बंद पडली, तिचा संगणकच उत्तर द्यायचा थांबला, तर भंगार बाजारातून काय आणणार? तिथे लेथवाला काय करणार?

म्हणून आता ही गोष्ट नुसत्या मालकाच्या हुशारीवर सोडून चालणार नाही. कायद्याने काही बोलायला हवं. आपल्याकडे २०१६ साली दिवाळखोरी संहिता आली. बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेतून कोणाला आधी आणि कोणाला नंतर पैसे द्यायचे याची उतरंड तिच्यात आहे. तारण असलेल्या बँका आणि कामगारांची देणी वरच्या पायऱ्यांवर आहेत. ज्यांचं घर अर्धवट राहिलं अशा लोकांनी आवाज उठवला, तेव्हा २०१८ साली घर घेणाऱ्यांना त्या उतरंडीत मानाचं स्थान मिळालं. गाडी घेणाऱ्याला तसं वेगळं स्थान नाही. त्याला मुदत असलेली वॉरंटी, त्याने आगाऊ भरलेले दुरुस्तीचे पैसे, हे सगळं उतरंडीच्या तळाशी. आणि सुट्या भागांचं वचन तर पैशांत मोजलंच जात नाही, त्यामुळे ते कोणत्याच पायरीवर नाही.

एक आशेची खूण आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात घेतली आहेत. वस्तू विकत घेणाऱ्याला ती हव्या त्या कारागिराकडून दुरुस्त करून घेता यावी, त्यासाठी माहिती आणि सुटे भाग मिळावेत, हा त्यामागचा विचार. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. मला वाटतं, कायद्यात दोन साध्या गोष्टी याव्यात. मोटार विकायला परवानगी घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने शेवटची गाडी विकल्यापासून ठरावीक वर्षं सुटे भाग देण्याचं बंधन आधीच स्वीकारावं आणि त्यासाठी काही रक्कम बाजूला ठेवावी. आणि कंपनी बंद पडली, तर भागांचे नकाशे आणि गाडीतल्या संगणकाचे संकेत हे इतर मालमत्तेबरोबर गोदामात कुलूपबंद न होता लहान कारखानदारांसाठी खुले व्हावेत. नाना पेठेतला किंवा उद्यमनगरातला माणूस पुढचं बघून घेईल. त्याने ते करून दाखवलेलं आहे.

शब्दांचा धंदा करणारा माणूस म्हणून एक निरीक्षण सांगतो. आपण म्हणतो, 'मी गाडी विकत घेतली.' या वाक्यात व्यवहार पूर्ण झाल्यासारखा वाटतो. पण मामूंची पिढी असं म्हणत नसे. ते म्हणत, 'गाडी केली.' घर केलं, संसार केला, तशी गाडी केली. एका दिवसात न संपणाऱ्या कामासाठी हे क्रियापद आहे. विकणाऱ्याचं काम गाडी फाटकातून बाहेर पडली की संपतं, घेणाऱ्याचं त्या दिवशी सुरू होतं. कायद्याला आणि कंपन्यांना इतकंच शिकायचं आहे, की या वाक्यात त्यांचाही वाटा वीस वर्षं तरी असतो.

कुर्ल्याला प्रीमियर रोड अजून आहे. तिथून रोज हजारो गाड्या जातात. त्यांत पद्मिनी क्वचित दिसते, आणि दिसली तर लोक वळून बघतात. जे हळवे होतात त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्या गाडीची आठवण काढताना ज्यांनी तिच्यासाठी काचा जमवल्या, बुश ओतले आणि हप्ते फेडले त्यांचीही आठवण काढू या. आणि पुढची बातमी छापून येईल तेव्हा, कंपनीचं काय होणार या प्रश्नाबरोबर, खाली फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीचं आणि तिच्या धन्याचं काय होणार, हा प्रश्नही मोठ्याने विचारू या.